शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी: औषधांनी ती आधीच कशी रोखावी

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला उलटी झाली की नातेवाईक सिस्टरकडे धावतात, सिस्टर डॉक्टरांना विचारून इंजेक्शन देतात आणि उपचार झाला असे सगळ्यांना वाटते. वास्तविक या त्रासावरची औषधे सर्वांत चांगले काम करतात ती त्रास सुरू होण्याआधी दिली तर, आणि कोणती द्यायची हे ठरते रुग्णाने आधी दिलेल्या माहितीवरून. बहुतेक घरांत नेमकी हीच माहिती अर्धवट दिली जाते, उपासाचे वेळापत्रक चुकते, एकाच गटातले औषध पुन्हा पुन्हा मागितले जाते आणि घरी परतल्यावर वेदनाशामकाची गोळी उलटीचे कारण ठरते.

भूल देऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर साधारण ३० टक्के रुग्णांना उलटी होते आणि मळमळ त्याहून अधिक जणांना होते. ज्यांचा धोका जास्त आहे त्यांना आधी औषध दिले नाही, तर हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. टाके ताणले जाणे, शरीरातले पाणी कमी होणे, घरी सोडण्याला उशीर होणे आणि गुंगीत असलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत उलटी जाणे, हे सगळे त्यातून उद्भवते. खाली टप्पे क्रमाने दिले आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या केसपेपरवर काय लिहिले आहे ते तुम्हाला समजावे म्हणून. त्या पाहून स्वतः काही घेऊ नये.

१. पूर्वतपासणीला जाण्याआधी घरी एक कागद लिहून काढा

गोव्यात सरकारी इस्पितळ असो वा खासगी, नियोजित शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांकडे पूर्वतपासणी होते. लोक तिला ‘फिटनेस’ म्हणतात आणि ईसीजी व रक्ताचे रिपोर्ट दाखवून शिक्का घेण्यापुरतेच तिचे काम आहे असे समजतात. उलटीचा धोका ठरवणारे प्रश्न मात्र याच दहा मिनिटांत विचारले जातात. बाहेर रांग असते, रुग्ण बावरलेला असतो आणि उत्तरे घाईत दिली जातात. म्हणून आदल्या दिवशी घरी बसून ती लिहून ठेवावीत.

प्रौढ रुग्णाचा धोका मोजण्यासाठी चार गोष्टी पाहतात: रुग्ण स्त्री आहे का, तो धूम्रपान न करणारा आहे का, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर उलट्या झाल्या होत्या का किंवा प्रवासात गाडी लागते का, आणि शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन, फेंटॅनिल किंवा ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके लागणार आहेत का. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. एकही गुण नसेल तर धोका सुमारे १० टक्के, एकाला २०, दोनाला ४०, तिनाला ६० आणि चाराला ८० टक्के, असा हा ढोबळ हिशेब आहे. वय पन्नाशीच्या आत असेल, तसेच दुर्बिणीतून पित्ताशयाची, गर्भाशयाची किंवा लठ्ठपणासाठीची शस्त्रक्रिया असेल, तर पारडे आणखी जड होते.

सर्वाधिक चूक होते ती तिसऱ्या प्रश्नात. भूलतज्ज्ञ विचारतात, “मावशी, बसमध्ये गाडी लागते का?” आणि उत्तर येते, “नाही हो डॉक्टर.” शेजारी बसलेला मुलगा तेव्हा आठवण करून देतो की बेळगावला जाताना चोर्ला घाट चढण्याआधी आई नेहमी अॅव्होमिनची गोळी घेते आणि पुढची सीट सोडत नाही. म्हणजे गाडी लागते, फक्त गोळीमुळे उलटी होत नाही. गोळी घेऊन, रिकाम्या पोटी किंवा खिडकीशी बसूनच प्रवास जमत असेल, तर उत्तर ‘हो’ असेच द्यावे. लहानपणी लागत असे आणि आता प्रवासच होत नाही, हेही सांगावे.

पूर्वीच्या शस्त्रक्रियेबद्दल केवळ ‘उलट्या झाल्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही. कोणती भूल होती, उलट्या किती वेळ चालल्या, कोणत्या इंजेक्शनाने थांबल्या, हे आठवेल तेवढे लिहावे आणि जुने डिस्चार्ज कार्ड सापडले तर सोबत न्यावे.

धूम्रपानाबद्दल एक खुलासा करतो, कारण हा मुद्दा वाचून काही जण गमतीने भलताच निष्कर्ष काढतात. सिगारेट ओढणाऱ्यांना उलटी कमी होते हे खरे असले, तरी त्यांच्या फुफ्फुसांना आणि जखमेला भुलीच्या वेळी होणारा अपाय कितीतरी मोठा आहे. शस्त्रक्रियेआधी ती सोडणेच योग्य.

लहान मुलांसाठी वेगळे निकष आहेत: वय ३ वर्षे किंवा अधिक, शस्त्रक्रिया ३० मिनिटे वा त्याहून लांबणारी, तिरळेपणाची शस्त्रक्रिया, आणि मुलाला किंवा आईवडील वा भावंडांना पूर्वी असा त्रास झालेला असणे. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरही उलट्यांचे प्रमाण मोठे असते. मुलाच्या कागदावर आईच्या सिझेरियननंतरच्या उलट्यांचा उल्लेख का करायचा, असे वाटू शकते, पण करावा.

कागदाच्या दुसऱ्या बाजूला औषध निवडताना आड येणाऱ्या गोष्टी लिहाव्यात: मधुमेह, पार्किन्सनचा आजार, काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांतील दोष, ईसीजीत ‘क्यूटी’ (ठोक्यामागच्या विद्युत संदेशाचा एक कालावधी) लांबल्याचे कोणी सांगितले असल्यास ते, मानसिक आजारावरची औषधे आणि गर्भनिरोधक गोळ्या. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइड वा तिर्झेपाटाइड चालू असेल, तर ते ठळक अक्षरांत लिहावे. या औषधांमुळे जठर सावकाश रिकामे होते आणि नेहमीएवढा उपास करूनही पोटात अन्न उरू शकते. अनेक जण आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाला ‘रोजचे औषध’ समजत नाहीत आणि त्याचा उल्लेखच करत नाहीत.

*तपासून पाहा: कागदावर गाडी लागण्याचे उत्तर, पूर्वीच्या भुलीचा अनुभव, चालू औषधांची मूळ नावे आणि अॅलर्जी या चारही गोष्टी आल्या आहेत का? पट्टीवर कंपनीच्या नावाबरोबर छापलेले मूळ नाव लिहावे. ‘पांढरी गोळी’ लिहून उपयोग नाही.*

२. भूलतज्ज्ञांशी बोलताना नेमके विचारा

कागद हातात दिल्यावर साध्या शब्दांत तीन गोष्टी विचाराव्यात. माझा धोका कमी आहे की जास्त? ही शस्त्रक्रिया पूर्ण भुलीऐवजी कमरेतून किंवा नस बधिर करून होऊ शकते का? पूर्ण भूलच द्यायची असेल तर ती वायूऐवजी शिरेतून देता येईल का?

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नामागे कारण आहे. भुलीचे वायू आणि नायट्रस ऑक्साइड स्वतःच उलटीला निमंत्रण देतात. प्रोपोफॉल हे औषध शिरेतून सतत देऊन भूल टिकवली, तर होणारा लाभ जवळपास उलटीविरोधी एका औषधाइतका असतो. मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेला प्रत्येक भूल चालत नाही. त्यामुळे हे प्रश्न विचारण्यासाठी आहेत, हट्ट धरण्यासाठी नाहीत.

चौथा प्रश्न वेदनाशामकांचा. पॅरासिटामॉल ठरावीक वेळांनी, मूत्रपिंड व जठर ठीक असल्यास दाह कमी करणारे वेदनाशामक आणि शक्य असेल तेथे जखमेभोवती बधिर करणारे इंजेक्शन, अशी जोड दिली तर अफूवर्गीय औषध कमी लागते आणि उलटीचे एक मोठे कारण मुळातच आटोक्यात येते. तरीही वेदना सोसून धरायच्या नाहीत, कारण तीव्र वेदनेनेही मळमळते.

३. उपास: पेज म्हणजे पाणी नव्हे

सर्वसाधारण नियम असा आहे: तळलेले, मांसाहारी किंवा जड जेवण शस्त्रक्रियेआधी ८ तास, हलके खाणे आणि कोणतेही दूध ६ तास, आईचे दूध ४ तास, आणि साधे पाणी किंवा आरपार दिसणारे पेय २ तास आधीपर्यंत. इस्पितळाने वेगळे वेळापत्रक लेखी दिले असेल, तर तेच पाळावे.

आपल्याकडे चूक दोन्ही बाजूंनी होते. एकीकडे, सकाळी सहाला ‘थोडीशी पेज, वरचे पाणीच तर आहे’ म्हणून वाटीभर पाजली जाते. पेज हे अन्न आहे, तिच्यात भाताचा अंश असतो आणि तिला ६ तासांचाच नियम लागू होतो. दुधाच्या चहालाही तोच. सोलकढीत नारळाचे दूध असल्याने ती आरपार पेयांत मोडत नाही. शहाळ्याचे पाणी चालेल का, ते भूलतज्ज्ञांना विचारावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

दुसरीकडे, दुपारी एकच्या शस्त्रक्रियेसाठी आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा थेंबही न घेणारे लोक आहेत. त्यांना वाटते की पोट जितके रिकामे तितकी उलटी कमी. पण कोरडे पडलेले शरीर, घसा सुकलेला, रक्तदाब उतरलेला, अशा अवस्थेत भूल उतरताना मळमळ वाढते. परवानगी असेल तोपर्यंत पाणी प्यावे. मधुमेही रुग्ण आणि वर सांगितलेली वजनाची इंजेक्शने घेणारे यांनी मात्र स्वतःची वेळ भूलतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी.

*सावधान: उपास मोडला गेला असेल तर लपवू नका. शस्त्रक्रिया काही तास पुढे जाणे परवडते. भुलीत पोटातले अन्न फुफ्फुसात जाणे परवडत नाही.*

शस्त्रक्रियेच्या सकाळी वॉर्डात उलटीविरोधी कॅप्सूल दिली गेली, तर ‘उपाशी आहे ना’ म्हणून ती उशीखाली ठेवू नये. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात.

४. प्रतिबंधक औषधांचा क्रम समजून घ्या

मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारे संदेश एकाच वाटेने जात नाहीत. सेरोटोनिन, डोपामिन, हिस्टामिन, एसिटिलकोलीन आणि सब्स्टन्स पी या वेगवेगळ्या रसायनांच्या वाटा आहेत आणि औषधांचा प्रत्येक गट त्यांतली आपली एक वाट अडवतो. म्हणूनच सध्याची पद्धत अशी की एक-दोन धोके असतील तर दोन गटांतली औषधे आणि त्याहून अधिक असतील तर तीन किंवा चार गटांतली औषधे आधीच द्यायची.

याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि ड्रोपेरिडॉल या तिन्ही औषधांनी प्रत्येकी सुमारे २६ टक्के धोका कमी केला आणि एकाचा लाभ दुसऱ्याच्या आड आला नाही. म्हणजे ज्या बाईचा धोका ६० टक्के आहे, तिचा एका औषधाने ४४ वर येतो, दुसऱ्याने ३३ वर आणि तिसऱ्याने २४ वर. शून्य कधीच होत नाही. ‘इंजेक्शन देऊनही उलटी झाली, म्हणजे काही दिलेच नाही’ असा आरोप करण्याआधी हे आकडे ध्यानात घ्यावेत.

आता क्रम. कोणते औषध कधी, हे नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

*भुलीच्या आधी.* धोका फार असल्यास अॅप्रेपिटंट ४० मिलिग्रॅम तोंडाने, भूल देण्याच्या आधीच्या ३ तासांत. याचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी करते, त्यामुळे त्या घेणाऱ्या स्त्रियांनी पुढचे २८ दिवस जोडीला दुसरे साधन वापरावे. भूल उतरवताना सुगॅमाडेक्स दिले गेले असेल, तर हीच काळजी ७ दिवस घ्यावी लागते. या दोन्ही गोष्टी घरी सोडताना सांगायच्या राहून जातात, म्हणून स्वतःहून विचाराव्यात.

*भूल दिल्याबरोबर.* डेक्सामेथासोन ४ ते ८ मिलिग्रॅम शिरेतून. त्याचा परिणाम सावकाश सुरू होतो, म्हणून ते प्रारंभीच दिले जाते. शेवटी देऊन त्याचा फारसा लाभ होत नाही. जागेपणी वेगाने टोचले तर गुप्तांगापाशी क्षणभर विचित्र आग होते, तीही रुग्ण झोपल्यावर दिल्याने टळते. मधुमेहींची साखर पहिल्या २४ तासांत वाढू शकते. त्यामुळे औषध नाकारायचे नसून साखर अधिक वेळा तपासायची असते. स्टेरॉइड म्हटले की जखम चिघळेल या धास्तीने नातेवाईक हरकत घेतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ८ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने जखमेचा संसर्ग वाढल्याचे दिसले नाही.

*शस्त्रक्रिया संपताना.* ऑन्डॅन्सेट्रॉन ४ मिलिग्रॅम शिरेतून. एमसेट या नावाने ते बहुतेकांना परिचित आहे. शरीरातून ते काही तासांतच कमी होते, म्हणून प्रारंभी देऊन टाकले तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याचा जोर ओसरू लागतो. डोके दुखणे आणि शौचाला कडक होणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. हृदयाची ‘क्यूटी’ लांबलेली असेल तर ते टाळतात. याच गटातले पॅलोनोसेट्रॉन ०.०७५ मिलिग्रॅम मात्र सुमारे ४० तासांच्या अर्धायुष्यामुळे (शरीरातले औषध निम्मे होण्याला लागणारा वेळ) लांब पल्ल्याचे आहे आणि ते भुलीच्या प्रारंभी दिले जाते.

जास्त धोक्याच्या रुग्णाला हॅलोपेरिडॉलची अगदी लहान मात्राही देतात. मानसिक आजाराच्या उपचारात वापरतात तिच्या मानाने ती फारच कमी असते. केसपेपरवर हे नाव दिसले म्हणून बिचकू नये.

*सावधान: पॅन्टोप्राझोल किंवा तत्सम आम्लपित्ताचे इंजेक्शन हे उलटी रोखणारे औषध नव्हे. ते आम्ल कमी करते, त्याची आपली जागा आहे. पण ‘गॅसचे इंजेक्शन दिले आहे, आता उलटी होणार नाही’ ही समजूत चुकीची आहे.*

मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे पेरिनॉर्म, १० मिलिग्रॅम या नेहमीच्या मात्रेत प्रतिबंधासाठी दुबळे ठरते. तरी सवयीने ते बरेच वापरले जाते. तरुण मुलींत आणि लहान मुलांत त्याने कधी कधी मान एका बाजूला वळते, जबडा आवळतो, डोळे वर जातात. हा आकडीचा झटका नव्हे, बाहेरची बाधा तर नव्हेच. ताबडतोब सिस्टरना बोलवावे; उतारा देता येतो आणि थोड्या वेळात स्नायू सैल पडतात. असे एकदा झाले असेल तर पुढे प्रत्येक डॉक्टरांना सांगावे. पार्किन्सनच्या रुग्णाला आणि आतड्यात अडथळा असलेल्याला हे औषध देत नाहीत.

५. कमरेतून भूल दिली असेल तर

सिझेरियनमध्ये बहुधा हीच भूल असते. टेबलावर असताना एकाएकी मळमळले, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर क्षणभरही न थांबता भूलतज्ज्ञांना सांगावे. अशा वेळी बहुतेकदा रक्तदाब उतरलेला असतो. तो सावरणारे औषध आणि सलाइन दिले की मळमळ जाते. केवळ उलटीचे इंजेक्शन पुरत नाही. अनेक बाळंतिणी ‘डॉक्टर कामात आहेत, कशाला त्रास’ म्हणून गप्प राहतात. बोलावे, त्यासाठीच भूलतज्ज्ञ डोक्याशी उभे असतात.

६. वॉर्डात आल्यावरचे पहिले सहा तास

रुग्ण वॉर्डात आला की चौकशी करणाऱ्यांची गर्दी जमते. पलंग हलवला जातो, उशी बदलली जाते, कोणी बाम चोळतो, कोणी अत्तर लावून आलेला असतो. मळमळीच्या दृष्टीने यातली प्रत्येक गोष्ट टाळण्यासारखी आहे. रुग्णाला एका कुशीवर किंवा डोके थोडे उंच करून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्थिर ठेवावे, आणि उठवायचे झाल्यास आधी पलंगावर बसवून, पाय खाली सोडून, मग उभे करावे.

तोंडाने काय द्यायचे आणि कधी, हे वॉर्डातून विचारूनच ठरवावे. परवानगी मिळाल्यावर चमच्या-चमच्याने पाणी, ते टिकले तर अर्ध्या तासाने पुन्हा, आणि मग पातळ पेज. रुग्णाला इच्छा नसताना ‘काहीतरी पोटात गेले पाहिजे’ म्हणून पाजू नये. मुलांच्या बाबतीत तर घरी सोडण्याआधी बळेच पाणी पाजल्याने उलटी वाढते. सलाइन चालू असेल तोवर शरीराला पाणी मिळतच असते.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन शिरांसारख्या दिसणाऱ्या स्नायुबंधांच्या मधोमध एक दाबबिंदू आहे. त्यावर दाब देण्याने मळमळ कमी होते असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. सलाइन लावलेला हात सोडून दुसऱ्या हातावर करावे. औषधाला पर्याय म्हणून नव्हे, जोडीला. आले खाण्याने मळमळ कमी होते, याचा पुरावा त्यामानाने डळमळीत आहे.

७. तरीही उलटी झाली तर: कोणते औषध आधी दिले होते, हे प्रथम पाहा

सर्वांत जास्त गल्लत याच टप्प्यावर होते. शस्त्रक्रिया संपताना ऑन्डॅन्सेट्रॉन दिलेले असते, दोन तासांनी उलटी होते, नातेवाईक ‘एमसेट द्या’ म्हणतात आणि तेच पुन्हा टोचले जाते. पहिली मात्रा ६ तासांच्या आत दिलेली असेल, तर त्याच गटातली दुसरी मात्रा देऊन विशेष काही पदरात पडत नाही. ती वाट आधीच अडवलेली असते आणि उलटी दुसऱ्या वाटेने आलेली असते. अशा वेळी वेगळ्या गटातले औषध लागते. डेक्सामेथासोनची पुनरावृत्ती तर करतच नाहीत, कारण त्याचा परिणाम दीर्घकाळ चालू असतो.

म्हणून औषधाचे नाव घेऊन मागणी करू नये. त्याऐवजी विचारावे, “ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) उलटीसाठी कोणते औषध दिले होते आणि किती वाजता?” भुलीच्या नोंदीत दोन्ही लिहिलेले असते. रात्रीच्या पाळीत नवे डॉक्टर आले असतील, तर या एका प्रश्नाने पुढची निवड बदलू शकते.

औषध देण्याआधी कारणेही पाहिली जातात: रक्तदाब उतरला आहे का, वेदना अनावर आहेत का, लघवी तुंबली आहे का, पोट फुगले आहे का, नुकतेच ट्रॅमाडॉल दिले होते का. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने मळमळ थांबते, पण गुंगी येते. अफूवर्गीय वेदनाशामकाच्या जोडीला दिले असेल तर रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवावे.

उलटी येत असताना रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंड खाली राहील असे पाहावे, कवळी असेल तर ती काढलेली असावी, आणि शस्त्रक्रिया पोटावर असेल तर जखमेवर उशी हलकेच दाबून धरावी. किती वेळा, किती आणि कोणत्या रंगाची उलटी झाली हे लिहून ठेवावे. ‘खूप उलट्या झाल्या’ यापेक्षा ‘चारपासून सहापर्यंत तीन वेळा, पिवळसर, साधारण अर्धी वाटी’ हे डॉक्टरांना कितीतरी उपयोगाचे आहे.

८. घरी नेण्याआधी

त्याच दिवशी घरी सोडल्या जाणाऱ्या रुग्णांपैकी साधारण एकतृतीयांश जणांना मळमळ किंवा उलटीचा त्रास घरी गेल्यावर होतो, कारण ओटीत दिलेल्या औषधाचा जोर तोवर संपतो. रिकव्हरीत (शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात त्या खोलीत) मळमळले होते, वय पन्नाशीच्या आत आहे, स्त्री आहे, पूर्वीचा अनुभव वाईट आहे, यांपैकी बहुतेक गोष्टी लागू असतील, तर ‘घरी नेल्यावर उलटी झाली तर काय द्यायचे’ ते कार्डावर लिहून घेतल्याशिवाय निघू नये. जिभेवर विरघळणारी ऑन्डॅन्सेट्रॉनची गोळी अशा वेळी सोयीची, कारण ती पाण्याबरोबर गिळावी लागत नाही. ती फार्मसीतून घेऊनच गाडीत बसावे. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावात रात्री नऊला फार्मसी उघडी मिळेलच असे नाही.

प्रवासाचाही विचार करावा. बांबोळीहून दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाणारे, मडगावहून करमल घाट ओलांडून काणकोणला जाणारे किंवा फेरीबोटीने दिवाडीला परतणारे रुग्ण भुलीतून नुकतेच सावरलेले असतात आणि वळणे, धक्के, डिझेलचा वास यांनी दाबून ठेवलेली मळमळ उसळते. निघण्याची वेळ आणि प्रवासाचा पल्ला सांगून, आधी एक मात्रा घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. घरात उरलेली अॅव्होमिन आपल्या मनाने देऊ नये. पुढच्या सीटवर बसवावे, गाडी सावकाश हाकावी, पिशवी हाताशी ठेवावी.

*तपासून पाहा: कार्डावर ओटीत दिलेल्या उलटीविरोधी औषधांची नावे आणि वेळा आहेत का? नसतील तर लिहून मागा. पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हीच नोंद सर्वांत मोलाची ठरते.*

९. घरी पहिले दोन दिवस

घरच्या उलट्यांचा एक मोठा स्रोत वेदनाशामकांच्या पाकिटात असतो. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. तिने मळमळले की रुग्ण ऑन्डॅन्सेट्रॉन घेतो; पण ऑन्डॅन्सेट्रॉन ट्रॅमाडॉलचा वेदनाशामक परिणाम कमी करू शकते, मग दुखणे वाढते, मग आणखी एक ट्रॅमाडॉल, आणि पुन्हा मळमळ. या चक्रात सापडल्यासारखे वाटले तर गोळ्या वाढवू नयेत, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून वेदनाशामक बदलून घ्यावे.

*सावधान: एकत्रित गोळीत पॅरासिटामॉल असतेच. तिच्यावर वेगळी पॅरासिटामॉलची गोळी घेतली तर दिवसाची मात्रा नकळत दुप्पट होते. प्रौढांसाठी कमाल मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम आहे. वजन कमी असेल, यकृत दुबळे असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर त्याहून बरीच कमी.*

गोळ्या काहीतरी खाऊन घ्याव्यात. पहिल्या दिवशी पेज, मऊ भात, टोस्ट किंवा सुका पाव असे थोडे थोडे द्यावे. तळलेली मासळी आणि खोबऱ्याची आमटी दोन दिवस थांबू शकते. मद्य तर औषधे चालू असेपर्यंत नकोच. ऑन्डॅन्सेट्रॉनने शौचाला होत नसेल तर पाणी वाढवावे आणि रेचकाबद्दल विचारावे, विशेषतः मूळव्याधीच्या किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर.

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, रुग्णाला त्वरित इस्पितळात न्यावे: उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखा काळपट भाग, गडद हिरवी उलटी, पोट फुगून वायू न सरणे, आठ तासांत लघवी न होणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, रुग्ण नीट जागा न होणे, ताप, डोक्याच्या किंवा डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर होणारी कोणतीही जोराची उलटी, कमरेतून भूल दिल्यावर बसताच उठणारी आणि आडवे झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी, आणि औषध घेऊनही २४ तासांपलीकडे चाललेल्या उलट्या. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा, शस्त्रक्रिया कोणती, कधी आणि कोणत्या भुलीखाली झाली ते सांगावे, आणि डिस्चार्ज कार्ड व चालू गोळ्यांच्या पट्ट्या रुग्णाबरोबर द्याव्यात.